चौकोनी विटांचा चेंडू

जबलपूरला माझी बदली झाली तेव्हा चेरीतालमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. मालक मराठी आहेत, एकटे आहेत, जरा विचित्र आहेत, पण माणूस सरळ आहे, एवढं ऐकून मी गेले. मालकांनी माझं गाव विचारलं नाही, नवरा कुठे असतो ते विचारलं नाही. जिना चढून वर नेलं आणि म्हणाले, "दार लावून दाखवा जी."

मी लावलं. सांगलीला आमच्या घरी लावतात तसं लावलं, म्हणजे आपटलं.

"अच्छा," ते म्हणाले. "तुम्ही ठोकता."

मग त्यांनी स्वतः लावून दाखवलं. दोन बोटं कडेला टेकवली आणि दार आपण होऊन चौकटीत गेलं. कडी सरकली तिचाही आवाज आला नाही. "बसलं," ते म्हणाले. माझ्याकडून तीनदा करून घेतलं, तिसऱ्यांदा मान हलवली, आणि किल्ली हातात दिली.

"बसलं" हा त्यांचा सगळ्यांत मोठा शब्द. छान, सुरेख, मस्त यातलं काहीही मी तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. चहा जमला तर बसला. शेजारच्या घरातलं लग्न आटोपून आले तेव्हा म्हणाले, "जोडा बसला." इथल्याच एका संरक्षण कारखान्यात ते टूलरूमचे फिटर होते आणि सगळी नोकरी त्यांनी एका लोखंडात दुसरं लोखंड बसवण्यात काढली होती. बसण्याच्या विरुद्ध त्यांच्या भाषेत बिघडणं नव्हतं, ठोकणं होतं. जे आपसूक जात नाही आणि हातोडीनं घालावं लागतं, ते ठोकलेलं. माप सांगायचं ते सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "अर्ध्या सुताचा फरक आहे," हे त्यांनी माझ्या पोळीकडे बघूनही म्हटलेलं आहे, आणि तो होता.

हिवाळ्यात पनागरकडून ताजा मटार यायचा. ते पोतंभर घेत आणि आम्ही दोघं अंगणात सोलत बसायचो. एकदा मी मोठे दाणे वेगळे काढायला लागले, तर म्हणाले, "काहून निवडून राहिल्या ताई? ते एका मापाचे नसते. देवानं केलं ते कसंही चालते. माणसानं केलेलं मापात पाहिजे." असं बोलून झालं की पुढचा तासभर शब्द नाही. त्यांच्या सोबतीची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. कप अर्धाच भरून घ्यायचे. खालच्या खोलीत कामाचं जाड लाकडी टेबल होतं, भिंतीवर कानशी उतरत्या मापानं टांगलेल्या होत्या, पण कानस धरणं आता शक्य नव्हतं. त्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता. पुण्याला असलेल्या मुलीनं तो पाठवला आणि फोनवरूनच त्यात एक प्रोग्राम घालून दिला, "काहीतरी करत बसाल" म्हणून. मुलं खेळतात त्या प्लॅस्टिकच्या विटा असतात ना, वर गोल गुंड्या आणि खाली त्या गुंड्या बसायला घरं, तशा विटा त्या प्रोग्रामात होत्या. हव्या तितक्या. माऊसनं उचलायची, फिरवायची, दुसरीजवळ न्यायची, की टक्कन बसते. "इथं माझा हात कापते, पण वीट नाही कापत," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आनंद झाल्याची त्यांनी दिलेली ही एकमेव कबुली.

बाकीचे म्हातारे सकाळी भाजी आणायला जातात तेव्हा हे विटा रचायला बसत. आधी साधे घन केले. मग आठ बाजूंचा आकार, बारा पंचकोनांचा, वीस त्रिकोणांचा, आणि एक तर असा की ज्याच्या प्रत्येक बाजूतून टोकदार शिखर निघालेलं. पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि नकोही होती. त्यांचं आठतोंडी, बारातोंडी, वीसतोंडी. बिजागरीच्या विटा लावून लावून कोन जुळवायचे, आणि कोन जुळला की तोंडानं सांगायचं, "बसलं."

त्या प्रोग्रामात एक सोय होती, तिच्यावर त्यांचा फार राग. तिथं एक वीट दुसरीच्या पोटात घुसवता यायची. वरून काही दिसत नसे, आकार अगदी सुबक व्हायचा. आधार नसलेली वीट हवेत तरंगत ठेवता यायची. यातलं त्यांनी काहीही कधी केलं नाही. उलट स्वतःचा एक नियम करून घेतला होता: हात शिरला पाहिजे. प्रत्येक वीट बसवण्याआधी ते दोन्ही हात स्क्रीनसमोर हवेत धरत, जणू तो आकार खरोखर हातात आहे, डाव्या हातानं तो फिरवत, आणि उजव्या हाताची कापणारी बोटं आत घालून बघत. बोट पोचत नसेल तर वीट बसवायची नाही. मग आधीच्या चाळीस विटा काढायच्या आणि क्रम बदलून परत रचायच्या. मी पहिल्यांदा हे खिडकीतून पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी जप चालला असावा.

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, या खऱ्या विटा थोड्याच आहेत? हात कशाला शिरायला हवा?"

"वीट खोटी आहे ताई," ते म्हणाले. "जोड काहून खोटा करायचा?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या स्वभावामुळे झालं. मला भाषा सुधारायची खोड आहे. माझ्या सासरची माणसं, माझी मुलं, दुकानांच्या पाट्या, कुणालाही मी सोडलेलं नाही. जबलपुरात तर मला रानच मोकळं मिळालं. इथल्या मराठी घरांत हिंदी अशी मिसळलेली की कुठे कुठली भाषा संपते ते बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये. काका म्हणायचे, "मी जेवण करून राहिलो." मी म्हणायचे, "जेवतो आहे." ते म्हणायचे, "अच्छा. जेवतो आहे." चिडायचे नाहीत. माप चुकलं असं कुणी दाखवलं तर ऐकून घ्यायचं, ही त्यांची कारखान्यातली सवय असावी. मला मात्र आपण एका घरात शुद्ध मराठीचा दिवा लावतो आहोत असं वाटायचं. आज ते आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी त्यांनी गोलाला हात घातला. मधे एक घन, त्याच्या सहा बाजूंना सहा टोप्या, प्रत्येक टोपी पातळ विटांच्या थरांची, कडेला उतरत गेलेली. लांबून बघितलं तर चेंडू, जवळून बघितलं तर नुसत्या पायऱ्या. पाच टोप्या बसल्या. सहावी बसेना. शेजारच्या टोप्यांच्या कडांना ती केसभर अडायची. प्रोग्रामला त्याचं काही नव्हतं, त्यानं ती निमूट आत घेतली असती. काका घ्यायला तयार नव्हते. सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा त्यांनी त्या पाच टोप्या उतरवण्यात आणि चढवण्यात काढला. बाकीचे आकार बंद. नर्मदेच्या घाटावर जाणं कमी झालं. जेवण थंड व्हायला लागलं.

मी विचारलं, "काका, एवढं काय अडलंय या चेंडूवाचून?"

"पोरीनं लहानपणी विचारलं होतं," ते म्हणाले. "तिच्यासाठी चेष्टा करून राहिलो."

मी लगेच म्हटलं, "तिच्यासाठी चेष्टा नसते काका. तिची चेष्टा करतो आहे, असं म्हणतात."

 ते आज्ञाधारकपणे म्हणाले, "अच्छा. तिची चेष्टा करतो आहे."

त्यांची मुलगी पाच वर्षांत जबलपूरला आली नव्हती, हे मला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं म्हणून तिनं माझा नंबर ठेवला होता आणि महिन्यातून एकदा फोन करायची. बाबा ठीक आहे ना, गोळ्या घेते ना, एवढंच विचारायची. त्या दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला, आवाज जरा निराळा होता. म्हणाली, "ताई, दिवाळीत यायचं म्हणून राहिले. बाबांना सांगितलं आहे. पण खरं सांगा, ते दिवसभर काय करते?"

मी उत्साहानं सांगितलं. कॉम्प्युटरवर विटा रचतात, सात-आठ महिने एक चेंडू करताहेत.

"चेंडू?" ती म्हणाली. "काहून?"

"अहो, तुमची गंमत चाललीय," मी म्हटलं. "लहानपणी तुम्ही काहीतरी विचारलं होतं म्हणे. त्याची थट्टा. त्यांनीच सांगितलं मला."

 मग ती म्हणाली, "अच्छा. अजून तेच," आणि फोन ठेवला. मला तिचा स्वभाव जरा तुसडा वाटला. आपण काय केलं आहे याची पुसटशीही कल्पना मला नव्हती.

काकांनी तिच्यासाठी तयारी केली होती. बैठकीतली एक लाकडी खुर्ची त्यांनी कॉम्प्युटरसमोर, स्वतःच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. ती डुगडुगत होती. कापऱ्या हातानं, पॉलिशचा कागद घासून घासून, चार दिवसांत त्यांनी तिचा एक पाय मापात आणला. माझ्याकडून वर बसून बघून घेतलं. दिवाळीला आठवडा राहिला आणि ती येत नसल्याचा फोन आला. मला त्यांनी काही सांगितलं नाही, ते नंतर कळलं. संध्याकाळी मी खाली गेले तर खुर्चीवर एक जुनं धोतर अंथरून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. ते स्क्रीनसमोर होते, पण हात हवेत नव्हते. दोन्ही हात मांडीवर होते आणि एक कापत होता.

दिवाळीनंतर एका रविवारी मीच त्यांना आग्रह करून ग्वारीघाटला नेलं. हवापालट होईल म्हणून. फुलं-नारळवाल्यांच्या गर्दीतून ते सरळ पलीकडे गेले, जिथं एक नावाडी उलट्या टाकलेल्या नावेची डागडुजी करत होता. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तो कापसाची वात ठोकत होता, जोरजोरानं. काका पाच मिनिटं बघत राहिले. मग वाकून त्याच्या हातोडीवर हात ठेवला.

"भैया, ज़ोर मत करो," ते म्हणाले. "चेष्टा करो."

नावाडी हसला. मी मात्र चमकले. "काका, काय म्हणालात त्याला?"

"आमचे फोरमन होते, बंगाली दादा," ते म्हणाले. "मी पोरगा असताना कानस चालवायचो, तर ज़ोर लावायचो. दादा मागून यायचे. कोशिश म्हणून त्यांच्या तोंडी नव्हतं. ज़ोर मत करो, चेष्टा करो. नाही बसलं तर पुन्हा चेष्टा करो. तेव्हापासून मीही तेच म्हणतो. कोशिश तर कोणी पण करते ताई. चेष्टा म्हणजे ठोकायचं नाही आणि सोडायचं पण नाही."

मी नदीकडे बघत उभी राहिले. चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे हिंदीत आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसच्या परिपत्रकांत रोज वाचत होते. पण मराठी वाक्यात आला म्हणून तो शब्द माझ्याच मराठीतला असणार, हे मी धरून चालले होते. आणि एवढ्यावर न थांबता, "तिच्यासाठी" हा एक शब्द, जो सगळं सांगत होता, तोच मी त्यांच्या तोंडून काढून टाकला होता. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर मी ठोकलं होतं.

घरी आल्यावर वर जाऊन दार लावलं आणि पुण्याला फोन केला. काही सजवलं नाही. म्हटलं, "माझी चूक झाली. गंमत, थट्टा, हे माझे शब्द होते. त्यांचे शब्द असे होते: पोरीनं लहानपणी विचारलं होतं, तिच्यासाठी चेष्टा करून राहिलो."

"चेष्टा म्हणाले?" तिनं विचारलं. "तोच शब्द?"

"तोच."

मग ती बोलायला लागली. सहा-सात वर्षांची असताना बाबांनी तिला प्लॅस्टिकच्या विटांचा डबा आणून दिला होता. तिनं विचारलं होतं, बाबा, याचा चेंडू होतो का? ते म्हणाले होते, चौकोनाचा गोल होत नाही, जे होत नाही त्याच्या मागे लागू नये. पुढे तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं, तेव्हाही बाबा त्याच आवाजात म्हणाले, हा जोड बसत नाही, ठोकून बसवशील तर तुटशील. तिनं लग्न केलं. ते टिकलं नाही. "त्यांचं बरोबर निघालं ताई," ती म्हणाली. "तेच तर सहन नाही झालं. एकदाही बोलले नाही, मी सांगितलं होतं म्हणून. पण मी समोर गेले की वाटते, माप घेऊन राहिले. चेंडूचं तुम्ही सांगितलं तर वाटलं, अजूनही तेच दाखवून राहिले, होत नाही म्हणून." मग म्हणाली, "बाबा कोशिश नाही म्हणत कधी. मला माहीत पाहिजे होतं."

त्याच महिन्यात ती आली. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा दोघं स्क्रीनसमोर बसली होती, ती त्या दुरुस्त केलेल्या खुर्चीवर. धोतराची घडी बाजूला होती. पाच टोप्या जागेवर होत्या. माऊस तिच्या हातात होता आणि काका हवेत हात धरून तिला दाखवत होते, कुठून शिरायचं. इतका वेळ कुणाला काही समजावून सांगताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. सहावी टोपी जवळ आली आणि नेहमीच्या जागी अडली.

"थोडं आत घेऊ का बाबा?" ती म्हणाली. "बाहेरून दिसत नाही. कोणाला कळते?"

"मला कळते," ते म्हणाले. "तुला पण कळते. ठोकू नको. जितकं जाते तितकं जाऊ दे."

तिनं सोडून दिलं. टोपी थोडी वर राहिली. चौफेर एक बारीक फट, तिच्यातून मागची काळी स्क्रीन दिसत होती.  मग त्यांच्याकडे न बघता तिनं विचारलं, "बसलं का बाबा?"

त्या प्रश्नात किती वर्षं होती ते मला दारात उभी राहूनही कळलं. काका पुढे वाकले, मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

"नाही बसलं," ते म्हणाले. "अर्ध्या सुताची फट आहे."

मला इतका राग आला की बशी हातात नसती तर मी काहीतरी बोलले असते. एकदा, एकदाच खोटं बोलता आलं नसतं का या माणसाला?  आणि मग काकांनी कापरा हात तिच्या हातावर, माऊसवर ठेवला.

"तेव्हा मी म्हटलं होतं, होत नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं, बेटा. होते. फट राहते थोडी. पण होते."

ती टेबलावर डोकं ठेवून रडली. काका तिच्या हातावरचा हात न काढता स्क्रीनकडे बघत राहिले. मी चहा परत वर घेऊन गेले आणि दार दोन बोटांनी लावलं.

त्यानंतर ती दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिली. माझी सांगलीला बदली झाली. निघताना काकांनी खोली बघितली, दार लावून बघितलं, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बसल्या." ऑफिसातल्या निरोप समारंभाची शाल कुठे आहे मला आठवत नाही, हे वाक्य आठवतं. गोल मी जाईपर्यंत बंद झालेला नव्हता. ते रोज सकाळी बसतच होते, फट अर्ध्या सुतावरून पाव सुतावर आली होती.

मागच्या महिन्यात सकाळी भाजी चिरताना काकांच्या मुलीचा मेसेज आला. बाबा काल गेले. शेवटपर्यंत चेष्टा करून राहिले होते.

मला पुढचं दिसेना. यजमानांनी फोन उचलून वाचला. चूक शोधत असल्यासारखं पुन्हा वाचलं. "शेवटपर्यंत चेष्टा?" ते म्हणाले. "फार थट्टेखोर होते का गं? आणि हे 'करून राहिले' कसलं मराठी?" माझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस, दुसरं काय म्हणणार.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. "बरोबर आहे ते," मी म्हटलं. "एकही शब्द बदलायचा नाही त्यातला."